स्वयंचलित मेल आणि माणसांनी लिहिलेली पत्रे जीमेलमध्ये वेगळी कशी करावीत?

जाहिरातींच्या गर्दीत घरच्यांची पत्रे नजरेतून सुटतात, ही आपली अडचण खरी आहे. मात्र नको असलेल्या प्रेषकांची यादी करत बसू नये, कारण ती कधीच पूर्ण होत नाही. त्याऐवजी घाऊक मेलची, म्हणजे एकाच वेळी असंख्य लोकांना पाठवलेल्या मेलची, खूण पकडावी. अशा मेलच्या तळाशी बहुधा ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द असतो. शिवाय जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ पासून जाहिरातपर मेलमध्ये एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय बंधनकारक केली आहे. म्हणून हाच शब्द इंग्रजी लिपीत घालून फिल्टर तयार करावा, त्यात ‘इनबॉक्स वगळा’ हा पर्याय निवडावा आणि वेगळे लेबल लावावे. ‘हटवा’ मात्र कृपया निवडू नका, कारण एखाद्या मित्राने आपुलकीने पुढे पाठवलेल्या वार्तापत्रातही तो शब्द येतो आणि त्याचे पत्र त्यासोबत नाहीसे होईल. जवळच्या माणसांचे पत्ते फिल्टरमधून आधीच वगळलेले बरे. बँकेच्या व्यवहारांच्या सूचनांमध्ये हा शब्द सहसा नसतो, त्यामुळे त्या इनबॉक्समध्येच राहतील. थंडरबर्ड हा संगणकावरील मेल-प्रोग्राम वापरत असाल, तर ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ या हेडरवरच (मेलसोबत येणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीवरच) नियम लावता येतो आणि तो अधिक अचूक ठरतो.