रेल्वेच्या डब्यातील दुर्गंधीची तक्रार कशी करावी, म्हणजे तिची खरोखर दखल घेतली जाईल?

परभणीहून मुंबईला जाताना शौचालयाकडून येणाऱ्या दुर्गंधीमुळे रात्रभर झोप लागली नाही, तक्रार केल्यावर ‘निवारण झाले’ असा संदेश आला आणि वास मात्र तसाच राहिला. मग तक्रार करून उपयोग काय, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या अनुभवाने उपयोग होतो, परंतु वास नेमका कशाचा आहे हे तक्रारीत लिहिले तरच. ‘डब्यात घाण वास येतो’ एवढेच कळवले, की सफाई कर्मचारी येतो, फवारा मारून जातो आणि तक्रार बंद होते. दोष मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

डोळ्यांना झोंबणारा वास फरशीवर साचलेल्या लघवीचा असतो. भरपूर पाणी टाकून घासले की तो जातो आणि हे काम गाडीतला कर्मचारी करू शकतो. सडक्या अंड्यासारखा वास मात्र डब्याखालच्या टाकीतला असतो. पूर्वी मैला सरळ रुळांवर पडत असे. आता डब्यांना रेल्वे आणि डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था यांनी मिळून विकसित केलेली जैवशौचालये आहेत, ज्यांच्या टाकीत प्राणवायूविना जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करून त्याचे पाणी आणि वायू बनवतात. भांड्याखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी साठून राहते आणि तेच हा वायू वर येऊ देत नाही. डब्यातले पाणी संपले किंवा नळी तुंबली, की सगळा वास आत शिरतो. नळी तुंबते ती पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर यांनी, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी टाकलेल्या वस्तूंनी. हे कटू असले तरी खरे आहे. अशा वेळी ‘फिनेल ओता’ असा आग्रह धरू नये, कारण तीव्र जंतुनाशकाने टाकीतले उपयोगी जिवाणूच मरतात.

माझ्या आईला तपासणीसाठी मुंबईला नेत होतो, तेव्हा शौचालयाला लागून असलेला बर्थ मिळाला होता. पुन्हा तिथे जावे लागू नये म्हणून तिने संध्याकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही. ओठ कोरडे पडले तरी ‘तहान नाही’ म्हणत राहिली. मी तक्रारीत ‘डाव्या बाजूच्या शौचालयाचे भांडे तुंबले असून पाणी वर आले आहे’ असे लिहून छायाचित्र जोडले. पुढच्या मोठ्या स्थानकावर सफाईवाला नव्हे, तर डब्यांची दुरुस्ती करणारा माणूस हूक घेऊन आला आणि त्याने आतून चेपलेली बाटली ओढून काढली. वयस्कर बायका, मधुमेही आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हा प्रश्न गैरसोयीचा नाही, प्रकृतीचा आहे, आणि म्हणून तक्रार करताना संकोच करू नये असे मला मनापासून वाटते.

तक्रार १३९ या क्रमांकावर किंवा ‘रेल मदद’ ॲपवर करता येते. पीएनआर, डबा आणि बर्थ यांच्यासोबत डब्यावर बाहेरून रंगवलेला क्रमांकही लिहावा; त्यातले पहिले दोन अंक बांधणीचे वर्ष दाखवतात. बी-२ किंवा एस-४ ही अक्षरे रोज वेगवेगळ्या डब्यांना लागतात, पण हा क्रमांक त्याच डब्याचा राहतो आणि वारंवार बिघडणारा डबा त्यावरूनच सापडतो. वेळही महत्त्वाची आहे. परभणी सोडतानाच कळवले, तर जालना, छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड हे थांबे पुढे असतात. परभणी ज्यात येते तो नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा आहे आणि मनमाडपासून मध्य रेल्वेची हद्द लागते, त्यामुळे उशिरा केलेली तक्रार एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जाण्यातच रात्र संपू शकते.

वातानुकूलित डब्यातला कुबट वास बहुधा ब्लँकेटचा असतो. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतले जाते, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले होते; म्हणजे चादरीसारखे ते प्रत्येक प्रवासानंतर धुतले जात नाही. ते अटेंडंटकडून बदलून घ्यावे. दाराशी कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर तो रेल्वे कायद्याच्या कलम १६७ खाली गुन्हा आहे; स्वतः वाद न घालता टीसीला सांगावे.

काम न होताच तक्रार बंद झाली, तर अभिप्रायात ‘असमाधानकारक’ असेच नोंदवावे आणि संदर्भ क्रमांक, तिकीट व छायाचित्रे जपून ठेवावीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी तुम्हाला मुंबईला किंवा दक्षिण मध्य रेल्वेच्या मुख्यालयी सिकंदराबादला हेलपाटे घालावे लागणार नाहीत, परभणीतच अर्ज देता येईल.