कमावणारा एक, खाणारे पाच

या वेळी पत्रांत एकच विषय जास्त आलाय. ड्रॅगला, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या पाव मैलाच्या रेसला, जायचंय, आणि इंजिनाच्या तोंडाशी बेल्टवर जे काही लटकलंय, म्हणजे डायनॅमो, एसी, स्टिअरिंगचा पंप, पाण्याचा पंप, ते काढलं तर गाडी किती पळेल. चार पत्रं निवडलीत, बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधा.

प्रश्न: दादा, माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, इंजिन स्टॉक, फक्त एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट केलाय. ॲम्बी व्हॅलीच्या रनवेवर पाव मैल १७.२ सेकंदात गेली. मित्र म्हणतो स्टिअरिंगचा आणि डायनॅमोचा बेल्ट काढून टाक, क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) हलकी ॲल्युमिनियमची पुली बसव, १० हॉर्सपॉवर सहज मिळतील. खरं का? (नाशिक)

उत्तर: १० काही मिळत नाहीत रे. तुझं इंजिन १०६ हॉर्सपॉवरचं, त्यातले १० जर बेल्टच खात असता तर कंपनीने ॲव्हरेजसाठी कधीच काहीतरी केलं असतं.

एकेक बघू. आधी डायनॅमो. इंजिन चालू, फ्युएल पंप चालू, इग्निशन चालू, लाइट बंद, अशा वेळी गाडी ३० अँपिअरच्या आसपास खाते असं धर. १४ व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ४२० वॅट. डायनॅमो काही शंभर टक्के कामाचा नसतो, निम्म्याहून थोडं जास्त देतो आणि बाकीची उष्णता करतो, म्हणजे इंजिनाकडून साधारण ७५० वॅट घेतो, झाला एक हॉर्सपॉवर. स्टिअरिंगचा पंप सरळ पळताना फार जोर लावत नाही पण तेल फिरवतच असतो, वरच्या आरपीएमला एक-दीड धर. एसी बंद असेल तर कॉम्प्रेसरचा क्लच सुटलेला असतो, नुसती पुली बेअरिंगवर फिरते, तिथे वाचवायला काही नाहीच. पाण्याचा पंप तुझ्या इंजिनात टायमिंग बेल्टवर आहे, तो काढायचा प्रश्नच येत नाही. तर सगळं मिळून अडीच हॉर्सपॉवर.

आता अडीचचे सेकंद किती? ठोकताळा असा की वजन भागिले ताकद याच्या घनमुळावर पाव मैलाचा वेळ चालतो, म्हणजे ताकद १ टक्का वाढली की वेळ साधारण एक तृतीयांश टक्का कमी. अडीच म्हणजे तुझ्या १०६ चे २.४ टक्के, वेळ ०.८ टक्के कमी, १७.२ तून ०.१४ सेकंद. वाईट नाही, पण तेवढ्यासाठी स्टिअरिंग लोखंडासारखं जड करून घ्यायचं. आणि वजनालाही तोच हिशोब लागतो, म्हणून विचारतो, स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीतून काढलास का? २० किलोच्या आसपास जातात त्यात, माणसासकट तुझी गाडी ११०० च्या घरात, म्हणजे ०.१ सेकंद फुकट, आणि संध्याकाळी परत ठेवता येतं. बऱ्याच पोरांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो कारण स्टेपनी काढल्याचा फोटो टाकता येत नाही.

डायनॅमोचं अजून एक. बेल्ट काढलास की व्होल्टेज १४ वरून १२ आणि काहीतरीवर येतं. फ्युएल पंप मंदावतो, इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो, कॉइल कमी चार्ज होते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, यातलं काही सांभाळून घेतो, सगळं नाही, आणि वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडून मिक्श्चर लीन झालं तर जो एक हॉर्सपॉवर वाचवलास तो गेलाच, वर पिस्टनची काळजी. म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत डायनॅमो काढणं हा बहुतेक वेळा बिनफायद्याचा सौदा. त्यापेक्षा रनच्या आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भर, भरलेल्या बॅटरीला डायनॅमोकडून फारसं काही लागत नाही, तो आपोआप हलका फिरतो. लाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, टेप सगळं बंद. आणि कुणी चालू इंजिनात डायनॅमोची जाड वायर काढून दाखवत असेल तर त्याच्या गाडीत दाखवू दे, त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, कधी ईसीयू, घेऊन जातं.

पुलीचं शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. क्रँकची पुली हातात घेऊन बघ, आत आणि बाहेरच्या लोखंडामध्ये रबराचं कडं आहे का. असेल तर ती नुसती पुली नाही, डॅम्पर आहे. प्रत्येक स्फोटाला क्रँक थोडा पिळवटतो आणि सुटतो, ते रबर ती थरथर गिळतं. त्याजागी सलग ॲल्युमिनियमचा तुकडा लावला तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही, इंजिन उलट हलकं वाटतं, आणि महिन्यांनी ऑइल पंपाचं गिअर किंवा बेअरिंग बोलायला लागतं, तेव्हा कुणाला पुली आठवत नाही. त्या पुलीला हात लावू नकोस.

प्रश्न: आमच्याकडे डिझेल जीप आहे, जुनी. गावातल्या माळावर मित्रांबरोबर सरळ रेस लावतो. डायनॅमोचा बेल्ट काढून पळवली तर चालेल का? डिझेलला तर करंट लागतच नाही. (सांगोला)

उत्तर: नाही, अजिबात नाही, आणि हे उत्तर फक्त तुमच्यासाठी नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा, व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्याच पाठीवर बसवलेला असतो. पेट्रोल इंजिनाला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम फुकट मिळतो, डिझेलला मिळत नाही म्हणून हा पंप. बेल्ट काढला की एक-दोनदा ब्रेक लागेल, मग पेडल दगड होईल, तेही नेमकं माळ संपताना. शिवाय त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर इंजिनही तापेल. आधी बॉनेट उघडून बेल्ट कुठे कुठे जातो ते बोटाने मागोवा घेत बघा. आणि माळावर पोरं उभी करून रेस लावू नका हेही सांगतो, ऐकणार नाही माहितीये.

प्रश्न: एसी बंद केला की माझी नवी टर्बो गाडी सुसाट जाते. मग कॉम्प्रेसरच उतरवला तर? (कोल्हापूर)

उत्तर: एसी चालू असताना कॉम्प्रेसर तीन-चार हॉर्सपॉवर सहज घेतो, त्यामुळे तुम्हाला फरक जाणवतो तो खरा. पण बंद केल्यावर तो फरक तुम्हाला मिळालेलाच आहे, उतरवून परत मिळणार नाही, फक्त काही किलो वजन जाईल. बऱ्याच गाड्या पेडल पूर्ण दाबलं की एसी स्वतःच थोडा वेळ सोडतात. नव्या गाडीत स्टिअरिंग इलेक्ट्रिक, काही गाड्यांत डायनॅमोसुद्धा पळताना चार्जिंग कमी करणारा. थोडक्यात तुमच्या बेल्टवर लुटायला कुणी उरलंच नाही. टायरमधली हवा आणि लाँच, म्हणजे लाइनवरून सुटणं, यावर डोकं लावा.

प्रश्न: नमस्कार. मी गेली २२ वर्षं न्यू जर्सीत आहे. १९८९ ची मस्टँग ५.० घेतलीय, स्टॉक आहे, १४.६ ला जाते. इथले लोक अंडरड्राइव्ह पुली, इलेक्ट्रिक फॅन, इलेक्ट्रिक वॉटर पंप, छोटा बेल्ट असं बरंच सांगतात. पूर्वी इंग्लिशटाऊनला रेस बघायला जायचो, आता तिथलं ड्रॅग बंद, म्हणून आयलंड ड्रॅगवेला जातो. कशापासून सुरुवात करू?

उत्तर: वा, तुमच्या पत्राने मजा आली. वरच्या तिघांना जे नाही म्हटलं त्यातलं बरंचसं तुम्हाला हो म्हणणार आहे, कारण तुमचं इंजिन २२५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ आणि बेल्टवर अख्खं एकत्र कुटुंब बसलंय.

पहिला फॅन. इंजिनावर फिरणाऱ्या पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. विस्कस क्लच (गरज नसताना पंखा सैल सोडणारा) थोडं वाचवतो पण ५००० आरपीएमला तो पंखा काही हॉर्सपॉवर खातोच, आणि १०० किमीच्या वर गेल्यावर तर समोरून वारा येतोच आहे, पंखा कशाला? फोर्ड टॉरसचा इलेक्ट्रिक फॅन भंगारातून आणून बसवायची तिकडे जुनी पद्धत आहे. फक्त तो सुरू होताना करंट जबरदस्त ओढतो आणि तुमचा मूळ डायनॅमो ६५-७५ अँपिअरचा, तेव्हा जाड वायर, रिले आणि शक्य तर मोठा डायनॅमो आधी. रनच्या वेळी फॅन बंद, रन संपली की चालू.

दुसरी अंडरड्राइव्ह पुली, म्हणजे बेल्टवरचं सगळं हळू फिरवणारी पुली. तुमच्या इंजिनात क्रँकची पुली डॅम्परवर चार बोल्टने वेगळी बसते, म्हणून डॅम्पर न हलवता नुसती पुली बदलता येते, नाशिकच्या पोराचं तसं नाही. २५ टक्के हळू फिरवलं तर पाण्याच्या पंपाची मागणी ०.७५ चा घन, म्हणजे ४२ टक्क्यांवर येते. किंमत मोजायची ती सिग्नलला, आयडलवर चार्जिंग कमी आणि उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर. डॅम्पर मात्र कधी बदलावा लागला तर त्याच इंजिनाचा घ्या, त्यात ५० औंसाचा असमतोल मुद्दाम दिलेला असतो, दुसरा लावला तर इंजिन थरथरून सुटं होईल.

इलेक्ट्रिक वॉटर पंप चांगला, पण हॉर्सपॉवरपेक्षा वेगळ्या कारणाने: दोन रनच्या मध्ये इंजिन बंद ठेवून पंप आणि फॅन चालवता येतो, इंजिन दर वेळी सारख्याच तापमानाला लाइनला येतं. रोज ऑफिसला जायच्या गाडीत मी लावणार नाही, मोटर गेली की कळायच्या आत हेड जातं.

आता छोटा बेल्ट. एसी आणि स्टिअरिंग वगळून बेल्ट फिरवायचा, ही स्ट्रिपवरची दहा मिनिटांची युक्ती. एक्झॉस्टचं प्रदूषण कमी करणारा एअर पंपही त्यातून सुटतो, पण रस्त्यावर तो काढून फिरणं तुमच्याकडे कायद्यात बसत नाही. एक गोष्ट नीट वाचा: तुमचा पाण्याचा पंप उलट्या दिशेने फिरणारा आहे, बेल्टची पाठ त्याच्या पुलीवर घासते. छोटा बेल्ट घालताना तो सरळ बाजूने गेला तर पंप उलटा फिरेल, पाणी जेमतेम हलेल आणि काटा लाल होईपर्यंत कळणार नाही.

सगळं जमलं तर दहाएक हॉर्सपॉवर म्हणू, वेळ दीड टक्का कमी, १४.६ तून ०.२ सेकंद. पण एका दिवसात एकच बदल करा, तीन रन जुन्या सेटिंगवर, तीन नव्यावर, परत दोन जुन्यावर, आणि वेळेपेक्षा शेवटचा स्पीड बघा. वेळ लाँच बिघडला की बिघडते, शेवटचा स्पीड मात्र इंजिन काय देतंय ते सांगतो. टॉप फ्युएलवाल्यांकडे, म्हणजे ड्रॅगच्या सर्वांत वेगवान वर्गाकडे, बघून भुलू नका, त्यांच्या इंजिनात तर पाणीच नसतं, पण त्यांची गाडी १००० फूट चार सेकंदांच्या आत संपवते आणि दर रननंतर इंजिन उघडतात.

मूळचा लांब बेल्ट आणि तो चढवायला ब्रेकर बार (लांब दांड्याचा पाना) डिकीत ठेवा, संध्याकाळी त्याच गाडीने घरी यायचंय.