वाचकांचे प्रश्न: पुस्तकं वाचून विश्वास थंड पडतो का?

प्रश्न : आदरणीय बाई, सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करतो. आमच्या पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या (चर्च) आहेत, त्यामुळे एक रविवार आड उपासनेतला संदेश मला द्यावा लागतो. बायबल स्कूलला गेलेलो नाही. संदेशासाठी चार पुस्तकं मागवायची म्हटलं, तर मंडळीतले एक वडील (ज्येष्ठ पुढारी) म्हणाले, "फार वाचलं की विश्वास थंड पडतो. लेख मारतो, आत्मा जिवंत करतो, असं बायबलात प्रेषित पौलच सांगतो." हे खरं का? आणि वाचायचं तर काय? इंग्रजी वाचता येतं, पण हळू. खिसाही लहान आहे.

उत्तर : तुमच्या मंडळीतल्या त्या वडिलांचा मी मान राखते. त्यांनी अशी माणसं पाहिली असतील, की शिकून आली आणि मग गुडघ्यावर बसेनाशी झाली. मीही पाहिली आहेत. पण त्यांनी ज्या वचनाचा आधार घेतला, ते त्या अर्थाचं नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. तिथे पौल दगडी पाट्यांवर कोरलेल्या नियमशास्त्राविषयी बोलतो आहे. वाचनाचा किंवा शाळेचा तिथे विषयच नाही. हाच पौल तुरुंगात, मरण समोर दिसत असताना आपला तरुण सहकारी तीमथ्य याला काय लिहितो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, आणि चर्मपत्रं तर नक्की आण (२ तीमथ्य ४:१३). थंडी तोंडावर आली आहे, अंगावर घालायला झगा नाही, आणि त्या माणसाला पुस्तकं हवी आहेत.

त्या वडिलांना केडगावची गोष्ट जरूर सांगा. पुणे-दौंड मार्गावरचं हे स्टेशन आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतं ते उज्जीवनामुळे, म्हणजे विश्वास नव्याने पेटून उठण्याच्या लाटेमुळे. वेल्समध्ये १९०४ साली झालेल्या उज्जीवनाची बातमी पंडिता रमाबाईंच्या कानी आली होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती सदनातल्या, म्हणजे निराधार स्त्रियांच्या आश्रमातल्या, स्त्रियांना रोज प्रार्थनेला बोलावलं. सुरुवातीला साधारण ७० जणी आल्या, जूनपर्यंत त्या ५०० च्या वर गेल्या. मग जे झालं त्याने सदन हादरलं. मुली रडून पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, टोळ्या करून गावोगाव शुभवर्तमान सांगायला निघाल्या. तिथल्या मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी १९०६ मध्ये त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीत राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीला पाठवली. चिलीतल्या व्हाल्पाराइसोमध्ये १९०९ साली जे उज्जीवन झालं, त्यामागे त्या पुस्तिकेचाही हात होता. आपल्या दौंड तालुक्यातून निघालेली ठिणगी दक्षिण अमेरिकेत पोचली, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता याच अंगणातली दुसरी बाजू पाहा. रमाबाईंना त्यांच्या शास्त्री वडिलांनी आणि आईने लहानपणी संस्कृत शिकवलं होतं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचं खाणंपिणं, दुखणीखुपणी सांभाळत त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. कशासाठी? खेड्यातल्या अडाणी बाईला समजेल अशा सोप्या मराठीत सगळं बायबल मुळावरून आणता यावं म्हणून. छपाईही सदनातच झाली. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं तिथल्या बायकांच्या हातचं. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. म्हणजे उज्जीवनाच्या रात्री आणि हिब्रूचं व्याकरण, दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या आयुष्यात नांदली. व्याकरणाने तिची प्रार्थना थंड पडली नाही, आणि आत्मा आला म्हणून तिने शब्दकोश मिटून ठेवला नाही.

अजून एक. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतरही रमाबाईंचे प्रश्न संपले नव्हते. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत त्या त्रैक्याविषयी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव), मंडळीच्या अधिकाराविषयी तडफेने वाद घालतात. ही पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली आहेत. जुन्या ग्रंथालयात सापडतील. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, त्या सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता. तिथवर त्यांना पोचवण्यात एका पुस्तकाचा वाटा होता. कॉर्नवॉलचे पाळक विल्यम हॅस्लम यांचं आत्मकथन. हे गृहस्थ १८५१ मध्ये स्वतःच्याच उपदेशाच्या मध्यावर, व्यासपीठावर उभे असताना मनाने पालटले आणि ऐकणाऱ्यांतला एक जण ओरडला, "पाळक तारला!" पुस्तकातून देव बोलत नाही, असं रमाबाईंची साक्ष वाचलेला माणूस म्हणणार नाही.

आता तुमच्या कामाचं. पहिल्या महिन्यात कुठलंही पुस्तक विकत घेऊ नका. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चारच अध्याय आहेत. एका बैठकीत, मोठ्याने, मध्ये न थांबता वाचा. टिपा नकोत, मथळे नकोत. मथळे पौलाने लिहिलेले नाहीत, ते छापणाऱ्यांनी घातलेत. दुसऱ्या दिवशी परत वाचा आणि हाती पेन्सिल घ्या. लिहिणारा कुठे आहे? बंधनांत (१:१३). तरी आनंदाची गोष्ट किती वेळा काढतो? भांडण कुणाचं आहे? युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं (४:२), आणि या दोघी सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या. एवढं कळलं की मागे दुसऱ्या अध्यायाकडे या. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, ते गौरवी वचन आपण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वाचतो. ते कुणाला लिहिलं आहे? दोन कष्टाळू बायका एकमेकींशी बोलत नाहीत, अशा मंडळीला. "एकचित्त व्हा" हे दोन्हीकडे आहे. आता तुमच्या मंडळीत कोण कुणाशी बोलत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि संदेश तयार आहे. मोबाइलवर आलेल्या गोष्टी आणि सुविचार जोडून केलेला संदेश याच्या पासंगालाही पुरत नाही.

नंतर पुस्तकं. सगळ्यात आधी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ते भाविक वाचनाचं पुस्तक नाही म्हणून आपली माणसं बाजूला ठेवतात, आणि मला ते खपत नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून उद्ध्वस्त झालेली बाई हळूहळू, स्वतःच्या पायांनी कशी विश्वासाकडे येते, हे इतक्या खरेपणाने मराठीत दुसरीकडे नाही. साक्ष कशी द्यावी ते त्यातून शिका. इंग्रजीत एकच घ्यायचं असेल तर गॉर्डन फी आणि डग्लस स्टुअर्ट यांचं 'हाउ टू रीड द बायबल फॉर ऑल इट्स वर्थ' घ्या. पत्र पत्रासारखं वाचा, दृष्टांत दृष्टांतासारखा, आणि मूळ ऐकणाऱ्यांना काय कळलं असेल ते आधी विचारा, एवढं एक शहाणपण ते पक्कं करतं. 'साउथ एशिया बायबल कॉमेंटरी' (२०१५) महाग आहे, ती मंडळीने घ्यावी. सगळं बायबल एका खंडात, आणि लिहिणारे आपल्या उपखंडातले, त्यामुळे जात, हुंडा, शेजारचे धर्म हे विषय त्यांना बाहेरून शिकावे लागत नाहीत.

शिवाय १९७४ चा लोझान करार, म्हणजे जगभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या परिषदेचं निवेदन, वाचा, काही पानांचाच आहे. इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांच्या समितीने त्याचा मसुदा केला. चौथा आणि पाचवा परिच्छेद जोडून वाचा. चौथा सुवार्तेविषयी, पाचवा समाजाप्रती आपल्या जबाबदारीविषयी. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, तुम्ही रोज त्यांच्याजवळून जाता. हे दोन परिच्छेद तुम्हाला इतर कुणाहून जास्त कळतील.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. नाशिकला शिक्षिका होते. रेव्हरंड टिळकांच्या कविता शाळेत शिकवल्या, आता त्यांच्या श्रद्धेविषयी वाचावंसं वाटतं. कुठून सुरुवात करू? कुणी धर्मांतराचा आग्रह धरेल, अशी घरच्यांना भीती वाटते.

उत्तर : आग्रह मी धरणार नाही, आणि कुणी धरला तर त्याला माझं नाव सांगून थांबवा. मी ज्या प्रभूला मानते, त्याने कुणाच्या दारात पाय अडकवला नाही. मला तो प्रिय आहे आणि तो तुम्हालाही कळावा असं वाटतं, हे मात्र लपवत नाही.

टिळकांच्या 'अभंगांजली'पासून सुरुवात करा. टिळक म्हणत की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. तुकोबा तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ असतील, म्हणजे तुमची अर्धी वाट झालेली आहे. त्याआधी मत्तयाचे पाच ते सात अध्याय वाचून घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, आणि त्यांना धरून ठेवलं ते याच डोंगरावरील प्रवचनाने. बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईत.

प्रश्न : मुलगा इंजिनियर आहे, नोकरी सोडून सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) जायचं म्हणतो. पुण्याला पाठवू का?

उत्तर : पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी चांगली आहे. १९५३ पासून यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली, आणि तिथे शिकलेले पाळक देशभर आहेत. पण एक वर्ष थांबवा. या वर्षात त्याने नोकरी करत रविवारच्या शाळेतली लहान मुलं सांभाळावीत आणि पाळकांबरोबर आजाऱ्यांच्या घरी जावं. वर्षानंतरही जायचंच म्हणाला, तर प्रवेशाचा अर्ज तुम्ही स्वतः आणून द्या.