ती पिन काढू का?

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला एका टूलरूममध्ये फिटर आहे. मुलगी आठवीत आहे. शाळेच्या शिबिरात तिला नेमबाजीची गोडी लागली, म्हणून दिवाळीत स्प्रिंगची एअर रायफल घेतली. बॅरल खाली वाकवून कॉक करायची असते. कॉक केली की मागच्या बाजूची सेफ्टी आपोआप लागते आणि दर छर्‍याला ती अंगठ्यानं दाबून काढावी लागते. मुलीचा अंगठा तिथवर नीट पोचत नाही, दाबताना रायफल हलते. कधी ती सेफ्टी काढायलाच विसरते, चाप ओढत राहते आणि मग पुढचे दोन-तीन नेमही बिघडतात. आतली रचना मी पाहिली आहे. एक पिन काढली की कटकट संपेल, माझं पाच मिनिटांचं काम आहे. काढू का?

उत्तर : नका काढू, दादा. तुम्ही अंबडला काम करता म्हणून आधी पॉवर प्रेसचं सांगते. प्रेसला दोन बटणं कशासाठी असतात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे : दोन्ही हात बटणांवर असले की डायखाली, म्हणजे वरून दाबल्या जाणाऱ्या साच्याखाली, एकही हात राहत नाही. माझे वडील सातपूरला प्रेसवर होते. मी सातवीत असताना दुसऱ्या पाळीला ते ज्या मशीनवर बसले, तिचं डावं बटण आधीच्या पाळीत कुणीतरी लाकडी पाचर मारून दाबून ठेवलं होतं. पीस भराभर निघावेत म्हणून. वडिलांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. पुढे रविवारच्या बाजारातून येताना भाजीची पिशवी ते अंगठा आणि पहिल्या बोटात अडकवून आणायचे, आणि बंदाचा वळ त्या बोटावर संध्याकाळपर्यंत दिसायचा. पाचर मारणाऱ्याला काहीच झालं नाही. पाचर आहे हे ज्याला माहीत नव्हतं, त्याला झालं.

पिन काढलेली तुम्हाला माहीत असेल. मुलीची मैत्रीण हौसेनं रायफल हातात घेईल, तिला माहीत नसेल. उद्या तुम्ही ती विकलीत तर घेणाऱ्यालाही नसेल.

रायफलीतही धोका बोटांनाच आहे. बॅरल पूर्ण खाली आली की स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे जाऊन सिअरवर, म्हणजे चापाला जोडलेल्या खटक्यावर, अडकून राहतो. मग मुलगी छर्रा भरायला बॅरलच्या मागच्या तोंडाशी बोट नेते. नेमक्या त्या वेळी चापाला धक्का लागला, स्वेटरची बाही अडकली, की दट्ट्या सुटतो आणि बॅरल उसळून वर येते. उघड्या बॅरलला चाप अडवणारी वेगळी सोय काही रायफलींत असते, सगळ्यांत नसते. सेफ्टी कॉक करतानाच लागते, छर्रा भरल्यावर लागत नाही, याचं कारण हेच आहे.

सेफ्टी काढून टाकलेली एक रायफल काही वर्षांपूर्वी मी शिकवते त्या नेमबाजीच्या रेंजवर आली होती. मुलगा छर्रा डबीतून उचलत होता, तेवढ्यात चाप दाबला गेला. बोटं डबीत होती म्हणून वाचली. दस्त्याला मुठीच्या जागी केसाएवढी चीर गेली होती. पुढे ती रायफल वरच मारू लागली. नेम धरायची मागची साइट पूर्ण खाली आणली तरी छर्रे वरच. बॅरल टेबलावर ठेवून पट्टी लावली तेव्हा दिसलं, ती वर वाकली होती.

अर्थात सेफ्टी शाबूत आहे म्हणून हात मोकळा सोडायचा नाही. बहुतेक सेफ्टी फक्त चाप अडवतात. स्प्रिंगचा सगळा भार त्या सिअरच्या कडेवरच असतो. म्हणून बॅरल वाकवलेला हात छर्रा बसेपर्यंत बॅरलवरून काढायचा नाही, रायफल कितीही नवी असो. हे मुलीला आजच दाखवा.

आता अंगठ्याचं. माझा अंदाज आहे की ती नेम पूर्ण धरते, श्वास रोखते आणि मग सेफ्टीकडे वळते. तिथेच रायफल हलते. क्रम बदला. बट खांद्याला लागलं, नळीचं तोंड टार्गेटकडे आहे, बोट चापाच्या कडीबाहेर आहे, अशा वेळी, गाल टेकवायच्या आधी सेफ्टी काढायची. अंगठा पोचेपर्यंत मूठ सैल झाली तरी चालेल, कारण खरी मूठ त्यानंतर धरायची आहे. मग गाल, मग साइट, मग श्वास. रेंजवर मी लहान मुलांना हे मोठ्यानं म्हणायला लावते : ‘छर्रा, बंद, खांदा, सेफ्टी, गाल, श्वास.’ पहिल्या आठवड्यात मुलं लाजतात. तिसऱ्या आठवड्यात ओठ आपोआप हलतात आणि सेफ्टी विसरणं थांबतं. सुरुवातीचे वीस-पंचवीस छर्रे गुण न मोजता फक्त या क्रमासाठी मारू द्या. बिनछर्‍याचा सराव मात्र नको; पुढे छर्‍याचा अडथळा नसला की दट्ट्या जोरात आपटतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

सेफ्टी काढली आणि नेम जमेना, तर रायफल टार्गेटकडेच ठेवून खाली घ्यायची, दम खायचा. काही रायफलींत एकदा काढलेली सेफ्टी पुन्हा कॉक केल्याशिवाय लागत नाही. तुमची तशी असेल तर तो छर्रा टार्गेटमागच्या पेटीत मारून टाकायचा. गुण गेला तर गेला.

बटणच घट्ट असेल तर रायफल सर्व्हिसला द्या. आपण तेल सोडायच्या भानगडीत पडू नका. ते दट्ट्यापुढच्या पोकळीत गेलं तर दाबाच्या उष्णतेनं पेट घेतं, मोठा आवाज होतो आणि सील जातं.

स्पर्धेत काय, असंही तुमच्या मनात येईल. दहा मीटरच्या मॅच रायफलींना आपोआप लागणारी सेफ्टी नसते. तिथे आज्ञा झाल्याशिवाय छर्रा भरता येत नाही, आणि रायफल खाली ठेवली की बॅरलमधून आरपार भडक रंगाची दोरी घालावी लागते. २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेनं आपल्या नाशिकलाच सराव केला, त्यामुळे हल्ली रेंजवर येणारं प्रत्येक पोर त्याचंच नाव घेतं. तुमच्या मुलीनं बटणाच्या निमित्तानं लावून घेतलेली सवय तिला त्या दोरीपाशी उपयोगी पडेल. दहा मीटरच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचारचा. एवढ्या बारीक कामात रोज तोच क्रम असणं फार मोलाचं असतं.

आणि तुमच्या हातात कसब आहे, ते इथे लावा. या रायफलींचे दस्ते मोठ्या माणसाच्या मापाचे असतात. मुलीला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, बट कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे. येत नसेल तर दस्ता लांब आहे. हात ताणलेला राहतो आणि ताणलेल्या मनगटानं अंगठा वर उचलला की रायफल हलणारच. रायफल कॉक नाही, आत छर्रा नाही, हे पाहून लाकूड बॅरलपासून वेगळं करा. मग बटकडून आधी दोन सेंटिमीटर कापा, माप घ्या, लागलं तर आणखी. करवतीखाली चिकटपट्टी लावा, नाहीतर लाकडाच्या कडा उडतील. कापलेला तुकडा फेकू नका. या वयात मुलं भराभर उंच होतात, वर्षभरानं दोन लांब स्क्रूंनी तो परत जोडावा लागेल.