वाचकांचे प्रश्न : घरातला पहिला साप हाताळताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये आई-वडिलांसोबत राहते. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि जाताना त्याने आपला दोन वर्षांचा बॉल पायथन माझ्याकडे सोपवला. मला साप लहानपणापासून आवडतात, परंतु लांबून पाहणे वेगळे आणि हातात घेणे वेगळे, हे आता कळते आहे. पेटीचे झाकण उघडले की तो डोके आत ओढून गोळा होतो, कधी फुसकारतो, आणि माझा हात मध्येच थांबतो. आईला तर तो घरात असणेच पसंत नाही. त्याची मला आणि माझी त्याला सवय कशी होईल? तो चावला तर काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कागदपत्रांविषयी विचारणे आवश्यक आहे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर असून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींमध्ये तो मोडतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते, आणि प्राणी एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे गेला तर त्या हस्तांतराचीही नोंद करावी लागते. भाऊ घरातलाच असला तरी हे टळत नाही. त्याच्या नावे नोंदणी झाली होती का, हे त्याला आजच विचारा आणि पुढील कार्यवाहीसाठी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करा.

आता मूळ प्रश्न. साप माणसावर कुत्र्या-मांजराप्रमाणे माया करू लागत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर आपल्या पदरी निराशा येईल. मात्र आपला हात म्हणजे संकट नव्हे आणि भक्ष्यही नव्हे, एवढे तो निश्चित शिकतो. हाताळणीची सगळी शिस्त या दोन गोष्टी त्याला पटवून देण्यासाठी असते. त्यासाठी आपला हात त्याला कसा जाणवतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. बॉल पायथनच्या ओठांच्या कडेला बारीक खळगे असतात आणि त्यांच्या साहाय्याने त्याला समोरच्या वस्तूची ऊब कळते. जीभ बाहेर काढून तो हवेतला गंध टिपतो आणि टाळूतल्या इंद्रियाकडे पोहोचवतो. बाहेरचे कान नसले तरी जमिनीतून येणारी कंपने त्याला चांगली जाणवतात. म्हणजे कोंबडी धुऊन झाल्यावर तोच हात कोणी पेटीत घातला, तर त्याच्या लेखी ती उबदार, मांसाचा वास येणारी आणि हलणारी वस्तू असते. तसेच आफ्रिकेच्या गवताळ रानात त्याचे अनेक शत्रू वरून झडप घालतात, म्हणून डोक्यावरून खाली येणारा हात त्याला घार भासला तर नवल नाही. तो गोळा होतो याचा अर्थ तो रागावला आहे असा नाही. भीती वाटली की डोके वेटोळ्याच्या मधोमध लपवायचे हा त्याच्या जातीचा स्वभाव आहे, आणि ‘बॉल’ हे नावही त्यावरूनच आलेले आहे.

घर बदलल्यावर त्याला निदान आठवडा-दोन आठवडे हात न लावणे उत्तम. या काळात पाणी बदलावे, पेटी स्वच्छ करावी आणि तेवढ्यावर थांबावे. त्याने आपल्याकडे एक-दोन वेळा नीट खाल्ले की मगच हाताळणीला सुरुवात करावी. खाल्ल्यानंतर पुढचे दोन दिवस त्याला उचलू नये, कारण पोटात भक्ष्य असताना हलवले तर तो ते ओकून टाकतो आणि त्याने त्याची प्रकृती बिघडते. डोळ्यांवर निळसर दुधाळ झाक आली की कात टाकण्याचे दिवस जवळ आले असे समजावे. त्या काळात त्याला नीट दिसत नाही आणि कातडी हुळहुळी झालेली असते, म्हणून तेव्हाही त्याला एकटे सोडावे. हे दिवस वगळून आठवड्यातून दोन-तीन वेळा, आरंभी पाच-दहा मिनिटे पुरेशी आहेत. तो निशाचर असल्यामुळे संध्याकाळची वेळ सोयीची पडते.

प्रत्यक्ष उचलताना हात बिनवासाच्या साबणाने धुवून कोरडे करा आणि जमिनीवर किंवा पलंगावर बसा, म्हणजे तो निसटला तरी उंचावरून पडणार नाही. पेटी उघडल्यावर लगेच हात घालू नका. सापासाठी मिळणाऱ्या हुकाने, किंवा कागदाच्या गुंडाळीने, त्याच्या अंगाच्या मधल्या भागाला हलकासा स्पर्श करा. दर वेळी हा स्पर्श झाला की आता खाणे नाही, हाताळणी आहे, हा संकेत त्याच्या अंगवळणी पडतो आणि चुकून चावा बसण्याची शक्यता बरीच घटते. त्यानंतर हात बाजूने, अंगाच्या मधल्या एक-तृतीयांश भागाखाली सरकवा आणि दुसरा हात मागच्या भागाखाली ठेवून त्याला सावकाश, परंतु न अडखळता उचला. आपली अडचण नेमकी येथे आहे, असे पत्रावरून वाटते. अर्ध्यात थांबणारा, मागे जाणारा आणि पुन्हा पुढे येणारा हात सापाला अधिक घाबरवतो. हात थरथरत असेल तर त्या दिवशी न उचलता पेटी उघडून तळहात नुसता आत, त्याच्यापासून थोडा दूर, टेकवून ठेवा आणि त्याला जीभ लपलपवीत वास घेऊ द्या. माझ्या मते ही पायरी बहुतेक जण घाईने ओलांडतात, आणि माणसाची भीती ओसरण्यासाठी तिचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाही होत नाही.

हातात आल्यावर त्याला घट्ट धरू नका. हात झाडाच्या फांदीसारखे आधारापुरते ठेवा आणि तो पुढे सरकू लागला की एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊ द्या. डोके किंवा शेपटी पकडू नये आणि छायाचित्रासाठीसुद्धा त्याला गळ्यात घालू नये. तो सैल अंगाने, जीभ हलवीत हिंडत असेल तर तो निवांत आहे. मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मागे ओढून तो एकटक रोखून पाहू लागला, तर त्याला शांतपणे पेटीत ठेवा.

नाशिकच्या हवामानाचा विचार येथे विशेष करावा लागेल. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे तापमान कित्येकदा 10 अंशांच्या खाली जाते आणि फरशी बर्फासारखी गार पडते. या सापाला पेटीच्या एका बाजूला साधारण 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या बाजूला 25 ते 27 अंश तापमान लागते, कारण आपल्या शरीराची ऊब तो जागा बदलून सांभाळतो. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावू नये; तिच्यामुळे सापाचे पोट भाजते. हिवाळ्यात खिडक्या लावून, तळहात चोळून गरम करून, थोडाच वेळ हाताळावे. पेटीच्या दोन्ही बाजूंना, त्याचे अंग जेमतेम मावेल एवढी लहान लपण्याची जागा ठेवावी. ज्या सापाला लपायला जागा नसते तो सतत धास्तावलेला राहतो, आणि अशा सापाला माणसाच्या हाताची सवय लागणे फार कठीण असते.

चाव्याविषयी सांगायचे तर बॉल पायथन बिनविषारी आहे. घाबरून घेतलेला चावा क्षणात सुटतो आणि बारीक ओरखड्यांपलीकडे सहसा काही होत नाही. भक्ष्य समजून चावला तर मात्र तो धरून ठेवतो आणि विळखाही घालतो. अशा वेळी हात हिसकावू नका, कारण त्याचे दात आत वळलेले असतात. त्याने आपली जखम वाढते आणि दात तुटून त्याच्या तोंडालाही इजा होते. त्याच्या तोंडावर गार पाणी सोडले की तो बहुधा सोडतो. जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

आपल्या आईंचा आक्षेप मी किरकोळ मानत नाही. घर त्यांचेही आहे आणि हा प्राणी वीस-तीस वर्षे जगणारा आहे. पेटीला पक्के कुलूप असावे, त्याचे पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये आणि हाताळल्यानंतर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले घरी आली तर त्यांना साप हाताळू देऊ नये. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा, आणि सांभाळणे अशक्य झाले तरी साप गंगापूर धरणाच्या परिसरात किंवा अन्य कुठे सोडून देण्याचा विचार मनातही आणू नये.

प्रश्न : आमची मखमलाबादला द्राक्षबाग आहे. मित्राकडचा पाळीव अजगर पाहून आल्यापासून माझ्या पुतण्याला साप पाळायचा ध्यास लागला आहे. परवा त्याने बागेत धामण पकडून ड्रममध्ये ठेवली आहे. बिनविषारी साप पाळायला काय हरकत आहे, असे तो म्हणतो.
— एक शेतकरी वाचक, मखमलाबाद

उत्तर : हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. आपल्याकडचे रानटी साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. धामण पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही प्रेमाचा असो. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्या सापात आणि रानातून पकडलेल्या सापात मोठा फरक असतो. रानातली धामण कोंडल्यावर अन्न टाकते, पेटीच्या भिंतीवर तोंड घासून जखमी होते आणि झुरते. तिची जागा बागेतच आहे, जिथे ती उंदीर खाऊन आपले पीक राखते.

मला अधिक काळजी वाटते ती पुतण्याच्या हाताला आलेल्या धिटाईची. पाळीव अजगराला स्पर्श केल्याने येणारी धिटाई अंगणातल्या सापाच्या बाबतीत उपयोगाची नाही. बिनविषारी कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार यांच्यात जाणत्यांचीही गल्लत होते. मण्यारीचा चावा पुष्कळदा दुखतसुद्धा नाही, त्यामुळे माणूस वेळेवर दवाखान्यात पोहोचत नाही. नाग उघड्या हाताने खेळवताना सर्पमित्रांनीही जीव गमावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येत असतात, आणि अशा खेळाच्या चित्रफिती मुलांना कौतुकाने दाखवणे थांबले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुतण्याची आवड खरी असेल तर त्याला वन विभागाशी जोडलेल्या प्रशिक्षित सर्पमित्राशी गाठ घालून द्या आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप दुरून ओळखायला शिकू द्या.

तूर्त ड्रम सावलीत हलवा, झाकणाला हवेसाठी भोके आहेत याची खात्री करा, दूध किंवा अन्य काही आत ठेवू नका आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पकडलेली धामण पुतण्याने स्वतः बाहेर काढू नये. ती बिनविषारी असली तरी जोरात चावते.