फुफाटा म्हणजे धूळ की राख?

मूळच्या जतच्या, सध्या सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: “लिबियावरच्या निबंधात मी ‘जनता आगीतून फुफाट्यात पडली’ असं लिहिलं. सरांनी ते खोडून ‘करायला गेले एक, झालं भलतंच’ केलं. आमच्याकडे फुफाटा म्हणजे रस्त्यावरची धूळ. आगीतून धुळीत पडलं तर बरंच की! माझं चुकलं का?”

नाही चुकलं. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात मऊ, पाय रुतेल अशा धुळीला फुफाटा किंवा फुफुटा म्हणतात, हे खरं. म्हणीतला फुफाटा मात्र तापल्या राखेचा. कराडकडच्या गुऱ्हाळावर चुलवणातून ओढून टाकलेली राख पाहिली असशील, तर लगेच उमगेल. वरून करडी, निवलेली, आत निखारे. जाळ लांबून दिसतो, माणूस बाजूला होतो. राखेचं पाय घातल्यावर कळतं. (लहानपणी मी घातलाय.)

लिबियाला ही म्हण शोभते ती म्हणूनच. नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून मार्च 2011 मध्ये सुरक्षा परिषदेनं 1973 क्रमांकाचा ठराव केला, नाटोची विमानं आली, ऑक्टोबरात तिथला हुकूमशहा गद्दाफी मारला गेला. 2012 मध्ये निवडणूकही झाली. निवलं म्हणेपर्यंत 2014 मध्ये देशात दोन सरकारं आणि पुन्हा यादवी! सशस्त्र टोळ्यांनी हत्यारं खाली ठेवलीच नव्हती. गद्दाफीच्या फौजेतले तुआरेग (सहारातली एक भटकी जमात) तर तिथली शस्त्रं घेऊन मालीत परतले. जानेवारी 2012 मध्ये तिथं बंड पेटलं, मार्चमध्ये राजधानी बामाकोत लष्करानं सत्ता बळकावली.

सरांचं वाक्यही शुद्धच आहे, पण त्यात बोलतोय कोण ते बघ. ‘करायला गेलो एक’ हे करणाऱ्याचं गाऱ्हाणं. भाजलेला माणूस त्यात कुठंच नाही. तुझ्या वाक्यात तो आहे. शिवाय क्रियापद ‘पडणे’. उडी मारली की कुणी ढकललं, ते म्हण सांगत नाही. लिबियातल्या बेनगाझीत गद्दाफीविरुद्ध उठाव लोकांनीच केला होता, तेव्हा हा मोघमपणा इथं सोयीचाच. मी तुझं वाक्य ठेवलं असतं.

हैतीवर लिहिशील तेव्हा मात्र ही म्हण नको. तिथं 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतलं मैलापाणी नदीत गेलं, पटकी (कॉलरा) पसरली, सुमारे 10,000 माणसं दगावली. ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ जवळची वाटते, पण तीही अपुरी. पटकी तिथं इलाज करणाऱ्यांबरोबरच आली होती.