मुंबई ते दुबई विमानाने किती अंतर आहे आणि नेमका किती वेळ लागतो?

सरळ अंतर साधारण १,९३० किलोमीटर. वेळ तीन तास धरा. पण तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून धरू नका, एवढ्यासाठीच लिहायला बसलोय. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे.

आमचे थोरले साडू निवृत्त मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. लेकाकडं दुबईला जाऊन आले आणि जिंतूरला एका साखरपुड्याच्या पंगतीत, हातात बुंदीचा लाडू धरून, जाहीर केलं की जायला दीड तास लागतो आणि यायला साडेचार. "दुपारी साडेचारला उडालो, सहाला उतरलो. येताना रात्री दहाला निघालो तर मुंबईत अडीच. घड्याळ बघून सांगायलोय, पाव्हणे."

मी म्हटलं, जाताना दीड तास मिळवा, येताना दीड वजा करा, दोन्हीकडून तीनच भरतात. तर गुरुजींनी भूगोल काढला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, म्हणून दुबई आपणहून विमानाकडं येते म्हणे! सगळ्या पंगतीनं माना डोलावल्या. लेकरांना इतकी वर्षं हेच शिकवलं का, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण बायकोनं वरण वाढता वाढता माझ्याकडं बघितलं.

अहो, पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. गुरुजींचं खरं मानलं तर परभणीवर हेलिकॉप्टर नुसतं उभं केलं की पाव तासात खाली मुंबई यायला हवी, दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मग आम्ही रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये अंग आखडून कशाला बसायचं?

पुढं एका जानेवारीत मी स्वतः गेलो. समोरच्या सीटवरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यात विमानाचा जमिनीच्या हिशेबानं वेग दिसतो. जाताना ७७० च्या आसपास, येताना ९८०. दोन्ही आकडे बोर्डिंग पासच्या कोपऱ्यात पेनानं लिहून आणले. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचं वारं असतं. जाताना ते तोंडावर, येताना पाठीला. हवेत जाताना तीन तास पाच मिनिटं गेली, येताना जेमतेम अडीच तास. म्हणजे फरक आहे, पण गुरुजी सांगतात त्याच्या उलटा, आणि तोही अर्ध्या-पाऊण तासाचा.

पास कपाटात जपून ठेवला. दिवाळीला दाखवायला काढला तर थर्मल कागद तो, छापलेलं सगळं उडून गेलेलं. नाव नाही, तारीख नाही. राहिले फक्त माझ्या पेनाचे दोन आकडे. गुरुजींनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे तर तुम्ही घरी लिहिलंय."

विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं, ते वेगळं धरा. आणि हो, पावसाळ्यात आपल्याकडं वरचं वारं फिरतं, पूर्वेकडून वाहतं. तेव्हा जाणं-येणं जवळपास सारखं होतं, कधी कधी तर जाणंच लवकर होतं. गुरुजी गेले होते जुलैत. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.